मुलांना बोलू द्या: किनाऱ्यावरच्या मुख्याध्यापकांना खुलं पत्र

राजापूर तालुक्यातल्या आणि एकूणच कोकण किनाऱ्यावरच्या माध्यमिक शाळांचे मुख्याध्यापक, शिक्षक आणि शाळा समितीचे सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

मागणं सरळ आहे. आपल्या नववी-दहावीच्या मुलांना एक चित्रपट दाखवा, आणि तो संपल्यावर त्यांना गावातल्या प्रकल्पविरोधी आंदोलनाविषयी बोलू द्या. चित्रपटाला कुणी नाही म्हणणार नाही. पुढच्या बोलण्याला मात्र बहुतेक सगळेच नको म्हणतील, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे. शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

चित्रपटाचं नाव 'माचूका'. चिली देशातला, 2004 सालचा, दिग्दर्शक आंद्रेस वूड. गोष्ट घडते 1973 मध्ये, सांतियागो शहरात. 1970 ची निवडणूक जिंकून साल्वादोर आयेंदे राष्ट्राध्यक्ष झालेले, देशात उभी फूट पडलेली. दुकानांपुढे रांगा, रस्त्यावर आज ह्यांचा मोर्चा तर उद्या त्यांचा. अशा दिवसांत सेंट पॅट्रिक या बड्या घरच्या मुलांच्या शाळेचे मुख्याध्यापक, फादर मॅकेन्रो, जवळच्या झोपडपट्टीतली काही मुलं आणून वर्गात बसवतात. फी नाही, पुस्तकं तीच, बाकही तेच. त्या मुलांपैकी पेद्रो माचूका आणि बंगल्यात राहणारा गोन्सालो यांची दोस्ती होते. दोघंही अकरा-बारा वर्षांचे. 11 सप्टेंबर 1973 ला लष्कर सत्ता ताब्यात घेतं. त्यानंतर शाळाही मुलांची राहत नाही आणि दोस्तीही.

फादर मॅकेन्रो हे पात्र हवेतून आलेलं नाही. सांतियागोच्या सेंट जॉर्ज कॉलेजमध्ये फादर जेरार्दो व्हेलन यांनी हा प्रयोग खरोखर केला होता. आंद्रेस वूड लहानपणी त्याच शाळेत शिकत होते, आणि चित्रपट त्यांनी व्हेलन यांना अर्पण केला आहे. म्हणजे एका विद्यार्थ्याने तीस वर्षांनी आपल्या मुख्याध्यापकांची आठवण ठेवून हे काम केलं. तुम्हालाच पत्र लिहिण्याचं एक कारण हेही आहे.

चित्रपटात पेद्रोच्या वस्तीतली सिल्वाना नावाची मुलगी आहे. ती आणि तिचे वडील मोर्चात झेंडे विकतात. उजव्यांच्या मोर्चात उजव्यांचे, डाव्यांच्या मोर्चात डाव्यांचे. पेद्रो आणि गोन्सालोही त्यांच्याबरोबर जातात आणि दोन्हीकडे तितक्याच जोराने ओरडतात, उड्या मारतात. मुलांना मजा वाटते. आजूबाजूची मोठी माणसं मात्र एकमेकांकडे ज्या नजरेने बघत असतात, ती नजर मी ओळखते.

माझं गाव माडबनच्या सड्यापासून, म्हणजे जिथे अणुऊर्जा प्रकल्प ठरला त्या कातळाच्या पठारापासून, लांब नाही. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प म्हणजे तेव्हा ठरलेल्या 1,650 मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, मिळून 9,900 मेगावॅट. हे आकडे आम्हाला प्राथमिक शाळेतच पाठ झाले होते, कारण घरात, दुकानात, एसटीत दुसरं बोलणंच नसे. आम्ही मुलं सड्यावर मोर्चा-मोर्चा खेळायचो. काहींनी पोलीस व्हायचं, काहींनी आंदोलक. कंपनीचा साहेब व्हायला कुणी तयार नसे. करवंदीच्या जाळीआड लपायचं, घोषणा द्यायच्या, पकडलं की काजूच्या झाडाखालच्या 'गाडीत' जाऊन बसायचं.

मार्च 2011 मध्ये जपानात भूकंप आणि त्सुनामी झाली. फुकुशिमाच्या अणुऊर्जा केंद्राची चित्रं घराघरांत टीव्हीवर लागलेली असायची. आजी पडवीत बसून विचारायची, "आपला समुद्र पण असा आत येईल का गो?" तिला काय सांगायचं हे माझ्या बाबांनाही कळत नव्हतं. महिन्याभराने, 18 एप्रिलला, साखरी नाट्याला प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक मच्छीमार मारला गेला. आमचा मोर्चा-मोर्चाचा खेळ त्या दिवशी संपला. बंद करा असं कुणी सांगावं लागलं नाही.

मी तेव्हा सातवीत होते, परीक्षेचे दिवस होते. माझ्या बाकावरची मैत्रीण खाडीपलीकडच्या मच्छीमार घरातली. त्यांची होडी, आमची आंब्याची चार कलमं आणि सड्यावरची थोडी कातळजमीन. तिच्या डब्यात सुक्या बांगड्याची चटणी असायची, माझ्या डब्यात बहुतेक वेळा भाकरीबरोबर लोणचं, आणि डबे उघडले की त्यांची अदलाबदल ठरलेली. त्या सकाळी ती पेपरला आली नाही. तिकडची कुणीच मुलं आली नाहीत. बाईंनी हजेरी घेतली, फुल्या मारत गेल्या आणि पेपर वाटले. मागून कुणीतरी काहीतरी विचारलं. उत्तर मिळालं, "शाळेत तो विषय नको."

त्या बाई मनाने वाईट नव्हत्या, हे मला आवर्जून लिहायचं आहे. त्यांनाही घर होतं, नोकरी होती, वरून येणारी परिपत्रकं होती. पण ते वाक्य आम्ही उचललं. पुढची तीन वर्षं आम्ही तेच पाळलं, आणि आमच्यापैकी अनेकजण आजही पाळतात.

प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचे चेक सुरुवातीला बहुतेकांनी नाकारले होते. 2013 मध्ये वाढीव मोबदला जाहीर झाला, हेक्टरी साडेबावीस लाख, आणि एकेका घरात चेक येऊ लागले. माझ्या बाबांनी घेतला. आजीचं आजारपण होतं, काकांना वाटणी द्यायची होती, आणि जमीन आज ना उद्या जाणारच असा त्यांचा हिशोब होता. मी त्यांना दोष देत नाही. ज्यांनी अखेरपर्यंत चेक घेतला नाही त्यांच्यापुढेही मी मान झुकवते. एकाच वेळी हे दोन्ही मनात असू शकतं, हे मला कुणी चौदाव्या वर्षी सांगायला हवं होतं. मैत्रिणीने त्या आठवड्यात दप्तर उचललं आणि दोन रांगा सोडून जाऊन बसली. भांडण नाही, शब्द नाही. वर्गात चेक घेतलेल्यांच्या मुलांची एक बाजू आणि बाकीच्यांची दुसरी, अशी वाटणी झाली. शिक्षकांनी जागा बदलून पाहिल्या. मधली सुट्टी झाली की मुलं परत आपापल्या बाजूला.

चित्रपटातल्या एका प्रसंगाविषयी मला तुमच्याशी मुद्दाम बोलायचं आहे, कारण तो शाळेतला आहे. फादर पालकांची सभा बोलावतात. श्रीमंत पालक संतापलेले असतात. एक बाई विचारते, नासपती आणि सफरचंदं एकत्र करायची गरजच काय? मग पेद्रोची आई उठते. लहानपणी ती एका जमीनदाराच्या वाडीवर राहत होती. मालकाच्या गुरांना काही झालं की पैसे तिच्या बापाच्या मजुरीतून कापायचे, कारण काहीही असो, दोषी नेहमी तोच. आपल्या मुलांच्या वाट्याला हे येऊ नये म्हणून ती शहरात आली, आणि इथेही दोष आपल्याच माथी येतो असं ती सांगते. हे कधीतरी बदलायला कुणी धजेल का, एवढंच तिचं विचारणं. सभागृहात काही पालक तिला ओरडून गप्प करतात, काही तिच्या बाजूने उभे राहतात.

ही सभा कुणाचंही मत बदलत नाही. तरी ती भरवणारा मुख्याध्यापक मला मोठा वाटतो, कारण त्या बाईला तेवढी जागा गावात दुसरीकडे कुठेच मिळाली नसती. आपल्याकडे ग्रामसभेत कोण बोलतं आणि कोण दाराशी उभं राहून ऐकतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिलेलं आहे. शिमग्यात पालखी कुणाच्या दारी आधी जाणार यावरूनसुद्धा त्या वर्षांत बाजू पडल्या होत्या. देऊळ वाटलं गेलं, मच्छीबाजार वाटला गेला, लग्नाची आमंत्रणं वाटली गेली. दोन्ही बाजूंची माणसं रोज सक्तीने एका छपराखाली येतात अशी एकच जागा उरते, ती शाळा. मोठी माणसं येत नाहीत, त्यांची मुलं येतात. एवढी मौल्यवान जागा गप्प ठेवू नका.

शाळेत राजकारण नको, हे तुमचं म्हणणं मी हलकं लेखत नाही. शाळेच्या आवारात पुढाऱ्यांची भाषणं व्हावीत असं मलाही वाटत नाही. पण 2010 च्या अखेरीची आठवण करून द्यायला हवी. प्रकल्पाचे फायदे शाळांमधून मुलांच्या गळी उतरवले जात आहेत, असा या भागातल्या लोकांचा आक्षेप होता आणि त्यावरून मुलांनी शाळेवर बहिष्कार टाकला होता. राजकारण तेव्हाच फाटकातून आत आलं होतं. मुलांच्या हातात दोन्ही बाजूंनी फलक दिले, कॅमेऱ्यापुढे दोन्ही बाजूंनी त्यांना उभं केलं. काय बोलायचं ते सगळ्यांनी शिकवलं. तुला काय वाटलं, हे एकाही मोठ्या माणसाने विचारलं नाही.

आणि आपल्या किनाऱ्याला हे नवीन नाही. पालगडचे साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि 1930 साली सत्याग्रहासाठी त्यांनी ती नोकरी सोडली. त्याच वर्षी मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तेव्हा त्याच गावातल्या शाळेत वि. स. खांडेकर शिकवत होते. 1920 ते 1938 अशी अठरा वर्षं ते शिरोड्याला होते. मिठागरावर लाठ्या चालल्या तेव्हा त्या गावातली दहा-बारा वर्षांची मुलं कुठे उभी होती, घरी कुणाचे वडील परतले नव्हते, कुणाच्या आईने दार लावून घेतलं होतं, हे त्या मुलांच्या स्वतःच्या अक्षरात आज आपल्यापाशी असतं तर? सत्याग्रहाची तारीख आपण पाठ करतो. त्या मुलांचं काय झालं, हे विचारायची सवय आपल्याला लागलेली नाही.

माझी पिढी हातची गेली असं म्हणत नाही, पण आम्ही आता पंचविशी ओलांडली आहे. मला काळजी आहे ती आज तुमच्या वर्गात बसलेल्यांची. एप्रिल 2023 मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं. भर उन्हात बाया रस्त्यावर आडव्या झाल्या, मग लाठ्या आल्या, अश्रुधूर आला. नाणारचा रिफायनरी प्रकल्प 2019 मध्ये मागे घेतला म्हणून जिथे पेढे वाटले गेले होते, त्याच तालुक्यात चार वर्षांनी हे घडलं. बारसू, सोलगाव, गोवळ, देवाचे गोठणे इथली जी मुलं तेव्हा सहावी-सातवीत होती, ती आज नववी-दहावीत आहेत. त्यांच्यापैकी कुणाची आई पोलिसांच्या गाडीत चढताना त्यांनी पाहिली आहे. कुणाचा मामा त्याच बंदोबस्तात वर्दी घालून उभा होता. कुणाच्या वडिलांनी आधीच जमीन विकली आहे आणि घरात त्यावर बोलायला बंदी आहे. तिकडे डहाणूला वाढवण बंदराच्या वादात अशीच मुलं मोठी होत आहेत. बारसूच्या कातळशिल्पांचं मोजमाप झालं, छायाचित्रं निघाली, 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीतही गेली, आणि ते योग्यच झालं. त्याच कातळावर गुरं राखणाऱ्या मुलाने काय पाहिलं, तेही नोंदवून ठेवण्याच्या लायकीचं आहे.

चित्रपट निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. नाव पेद्रोच्या आडनावाचं आहे, पण सगळं दिसतं ते गोन्सालोच्या डोळ्यांनी. शेवटाकडे वस्तीवर लष्कराची धाड पडते. सिल्वाना बापाला वाचवायला धावते आणि गोळी लागून मरते. शिपाई गोन्सालोलाही पकडतो, तेव्हा तो ओरडतो की मी इथला नाही, माझ्याकडे बघा. शिपाई त्याचे बूट बघतो, कपडे बघतो आणि सोडून देतो. पेद्रो हे सगळं पाहत असतो. गोन्सालो सायकलवरून निघून जातो आणि कॅमेराही त्याच्याबरोबर निघून जातो. पेद्रोचं पुढे काय झालं, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. पहिल्यांदा मला याचा फार राग आला. नंतर वाटलं, दिग्दर्शकाला जेवढं ठाऊक होतं तेवढंच त्याने दाखवलं, यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे. चेकच्या पैशांतून विरारला आमची खोली झाली. माझं कॉलेज तिथे झालं. माझ्या मैत्रिणीला तो रस्ता नव्हता.

त्याआधी पेद्रोचा दारू प्यालेला बाप दोघा मुलांना भविष्य ऐकवतो. पाच वर्षांनी तुझा हा मित्र विद्यापीठात जाईल आणि तू संडास साफ करशील. दहा वर्षांनी तो बापाच्या कंपनीत असेल आणि तू संडासच साफ करत असशील. पुढे त्याला तुझं नावही आठवणार नाही. हे संवाद सुरू असताना सभागृहात, रत्नागिरीत, माझ्या शेजारी बसलेले एक वयस्क गृहस्थ चष्मा काढून बसून राहिले. ते कुठल्या गावचे, कुठल्या बाजूचे, मी विचारलं नाही.

मला माझ्या मैत्रिणीचं नाव आठवतं. दोनेक वर्षांपूर्वी एका लग्नात आम्ही भेटलोही. तिने माझ्या नोकरीची चौकशी केली, मी तिच्या मुलाला उचलून घेतलं. 2011 चा विषय दोघींनीही काढला नाही. शाळेत शिकलेलं आम्ही दोघींनी चोख पाळलं होतं.

चित्रपटातला मुख्याध्यापक हरतो, हेही सांगून टाकते. लष्कर शाळा ताब्यात घेतं, फादरना काढून टाकतं. एका प्रार्थनेच्या वेळी ते चॅपलमध्ये येतात, वेदीवरचा प्रसाद स्वतः संपवतात आणि ही जागा आता पवित्र राहिली नाही असं सांगून निघतात. बंदुका धरलेले शिपाई आजूबाजूला उभे असताना पेद्रो उठतो आणि फादरना निरोपाचे शब्द म्हणतो. मग एकेक करून बाकीची मुलं उठतात, त्यात बंगल्यांतली मुलंही असतात. तुम्ही मुलांना बोलू दिलंत तर उद्या तुम्हाला कुणाचा फोन येईल, समितीत कोण प्रश्न विचारेल, याची मला कल्पना आहे. तरीही मागते आहे, कारण तुमच्याऐवजी हे दुसरं कुणी करू शकत नाही.

आता व्यवहाराचं. चित्रपट सुमारे दोन तासांचा आहे. भाषा स्पॅनिश. आमच्या वाचनालयातल्या मुला-मुलींनी संवादांचं मराठी करून ठेवलं आहे, चित्रपट चालू असताना ते वाचून दाखवता येईल. प्रोजेक्टर आणि पडदा आम्ही आणू, दाखवण्याची परवानगी रीतसर घेऊ. आठवीच्या खालच्या मुलांना दाखवू नये असं माझं मत आहे. शिव्या आहेत, मुलामुलींच्या चुंबनाचे प्रसंग आहेत, आणि शेवटची हिंसा अंगावर येते. तुम्ही शिक्षकांनी तो आधी एकदा बघावा आणि पालकांना आधी कळवावं, दोन्ही बाजूंच्या पालकांना, एकाच चिठ्ठीने. पाहुणे नकोत, सत्कार नको, पत्रकार नकोत, आणि कुठल्याही समितीचा वा कंपनीचा माणूस त्या दिवशी आवारात नको.

नंतर मुलांना कागद द्या. ज्याला बोलायचं असेल त्याने बोलावं, नसेल त्याने लिहावं, दोन्ही नको असेल त्याने चित्र काढावं किंवा नुसतं बसावं. कागदावर नाव घालायला लावू नका. गुण देऊ नका, शुद्धलेखन तपासू नका, भिंतीवर लावू नका, आणि त्यातलं काही घरी सांगू नका. घरची बोली आली तर येऊ द्या. सगळे कागद पाकिटात घालून शाळेच्या कपाटात ठेवा आणि बाहेर वर्ष लिहा. त्या मुलांना पंचवीस वर्षांनी ते मागायला यावंसं वाटलं, तर त्यांना ते मिळायला हवेत.

एखादं मूल रडलं तर घाबरू नका, आणि लगेच गप्पही करू नका. शेजारी बसा. दोन मुलं भांडली तर भांडणात काय म्हणत आहेत ते ऐकून घ्या, मग सोडवा.

पावसाळ्यानंतर, गणपती आटोपले की सहामाहीच्या आधी मधला निवांत आठवडा असतो. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मुलांना थांबवता येईल, पण शेवटच्या एसटीची वेळ तेवढी आधी बघून ठेवा. खाडीपलीकडून येणाऱ्या मुलांना परत जायला गाडी नसेल तर आमच्यातले दोघेतिघे आपल्या गाड्या घेऊन येतील. तुमच्यापैकी ज्यांना हे करावंसं वाटेल त्यांनी तालुक्यातल्या कुठल्याही वाचनालयात निरोप ठेवावा, तो माझ्यापर्यंत पोहोचतो.

आपली नम्र,
याच किनाऱ्यावरच्या एका शाळेची माजी विद्यार्थिनी